एका संग्रहाचा लिलाव

वस्तू जमविण्याची आवड माणसाच्या अंगी उपजतच असते. कोणी शंखशिंपले गोळा करतो, कोणी नाणी, कोणी टपालाची तिकिटे. बहुतेकांची ही हौस बालपणाबरोबर सरते. काहींची मात्र वयाबरोबर वाढत जाते, आणि त्यांतल्या एखाद्याजवळ अमाप द्रव्य असेल तर ती किती थोर रूप धारण करील याला मर्यादा राहत नाही. परंतु प्रत्येक संग्राहकापुढे एक प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच. संग्रह उभा करण्यास एक आयुष्य पुरते; तो सांभाळण्यास मात्र अनेक आयुष्ये लागतात. संग्राहक गेल्यावर त्याच्या संग्रहाचे काय व्हावे? अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात जुन्या मोटारींचा एक प्रचंड संग्रह होता. त्याच्या उभारणीची आणि पुढे झालेल्या त्याच्या लिलावाची हकीकत या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश टाकते.

या हकीकतीकडे वळण्यापूर्वी जुनी यंत्रे दुर्मिळ का होतात हे समजून घेतले पाहिजे. चित्र किंवा मूर्ती घडविताना ती टिकावी अशीच कलावंताची इच्छा असते. यंत्राची गोष्ट निराळी. यंत्र हे वापरण्यासाठी घडविलेले असते, आणि त्याहून चांगले यंत्र निघाले की पहिले अडगळीत जाते. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात १९०८ ते १९२७ या काळात ‘मॉडेल टी’ नावाच्या दीड कोटी मोटारी तयार झाल्या. त्यांतील फारच थोड्या आज शिल्लक आहेत. बाकीच्या झिजल्या, मोडल्या, भंगारात गेल्या. ज्या कंपन्यांनी मुळातच थोड्या मोटारी घडविल्या, त्यांच्या मोटारींची तर कित्येकदा नावेच उरली.

शेतीच्या यंत्रांचीही अशीच गत झाली. अमेरिकेतील आयोवा राज्यात १८९२ साली जॉन फ्रोलिक यांनी पेट्रोलवर चालणारे एक यंत्र तयार केले. पुढे व मागे अशा दोन्ही दिशांना चालू शकणारा पेट्रोलवरचा पहिला यशस्वी ट्रॅक्टर म्हणून तो ओळखला जातो. त्याआधी वाफेवर चालणारी अवजड यंत्रे शेतावर मळणीचे व ओढण्याचे काम करीत. १९१७ साली फोर्ड यांचा ‘फोर्डसन’ हा हलका व स्वस्त ट्रॅक्टर निघाला, आणि लोखंडी चाकांचे जुने धूड शेताच्या कडेला गंजत पडू लागले. पुढे दुसऱ्या महायुद्धात तोफा, जहाजे व रणगाडे यांसाठी पोलादाची निकड भासू लागली. तेव्हा गावोगावी भंगार गोळा करण्याची मोहीम निघाली आणि असंख्य जुनी वाफेची यंत्रे, ट्रॅक्टर व मोटारी भट्टीत वितळून गेल्या. तेव्हा ज्या थोड्या यंत्रांना एखाद्या गोठ्याचा, कोठाराचा किंवा विसरलेल्या कोपऱ्याचा आश्रय मिळाला, तीच वाचली. जुन्या यंत्राचा संग्राहक या वाचलेल्यांचा शोध घेत फिरत असतो.

असे एक संग्राहक म्हणजे विल्यम फिस्क हॅरा. त्यांचा जन्म १९११ साली कॅलिफोर्नियात झाला. १९३७ मध्ये त्यांनी नेव्हाडातील रीनो या शहरात एक लहानसे खेळगृह उघडले. त्या राज्यात जुगाराला कायद्याची परवानगी होती. हॅरा यांचा व्यवहार काटेकोर व व्यवस्था चोख असल्यामुळे धंदा वाढत गेला, आणि काही वर्षांत त्यांच्या नावाची मोठी जुगारगृहे व हॉटेले उभी राहिली. धनप्राप्तीचा हा मार्ग वंदनीय म्हणता येणार नाही; तथापि त्या धनाचा मोठा वाटा त्यांनी ज्या कामी लावला, त्याची दखल यंत्रविद्येच्या इतिहासाला घ्यावीच लागते.

१९४८ च्या सुमारास त्यांनी १९११ सालच्या जुन्या मोटारी विकत घेतल्या. त्यांतील एक मॅक्सवेल कंपनीची होती. येथून या छंदाचा आरंभ झाला. तीस वर्षांत त्यांच्या संग्रहातील वाहनांची संख्या सुमारे चौदाशेपर्यंत गेली. रीनोजवळील स्पार्क्स या गावी, पूर्वी आगगाडीने जाणाऱ्या फळांसाठी बर्फ पुरविणाऱ्या जुन्या वखारी होत्या. त्या विस्तीर्ण इमारतींत हा संग्रह मांडला गेला, आणि १९६२ पासून तो सर्व लोकांना पाहण्यास खुला झाला. रांगेमागून रांगा लावून उभ्या असलेल्या त्या मोटारी पाहण्यास एक दिवस पुरत नसे.

नुसत्या संख्येमुळे हा संग्रह मोठा ठरला नाही. त्यामागे एक विचार होता. फोर्ड, पॅकार्ड व फ्रँकलिन या कंपन्यांच्या मोटारी वर्षानुवर्षे कशा बदलत गेल्या, हे ओळीने दिसावे अशी हॅरा यांची इच्छा होती. यांतील फ्रँकलिन कंपनीची इंजिने पाण्याऐवजी हवेने थंड होत. अशा एका कंपनीच्या मोटारी क्रमाने शेजारी शेजारी उभ्या केल्या म्हणजे एखादी कल्पना कशी जन्मली, कशी सुधारत गेली आणि शेवटी का मागे पडली, हे पुस्तकावाचून कळते. सुटी मोटार ही एखाद्या वाक्यासारखी असते. परंतु मोटारींची अखंड मालिका हा पूर्ण ग्रंथ होय.

दुसरा विचार सत्यतेविषयीचा होता. जुनी वस्तू दुरुस्त करणे सोपे, पण ती मूळची जशी होती तशी करणे अत्यंत अवघड. रंग कोणता होता, खिळे कोणत्या घडणीचे होते, आसनांचे चामडे कसे शिवले होते, दिवे कोणत्या कारखान्यातून येत, या प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. यासाठी हॅरा यांनी जुन्या कंपन्यांची माहितीपत्रके, नकाशे, छायाचित्रे व पुस्तके जमवून एक मोठे ग्रंथालयच उभारले. आधी अभ्यास, मग हत्यार, अशी त्यांच्या कारखान्याची रीत होती. आजही जुन्या वाहनांच्या जाणकारांत त्यांच्या संग्रहाचे नाव आदराने घेतले जाते, ते या शिस्तीमुळे.

या शिस्तीचे एक सुंदर उदाहरण म्हणजे ‘थॉमस फ्लायर’ ही मोटार. १२ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंतची एक विलक्षण शर्यत सुरू झाली. सहा मोटारी निघाल्या. ऐन हिवाळ्यात अमेरिका ओलांडून, जहाजाने जपानला पोहोचून, तेथून सायबेरियाच्या चिखलातून आणि युरोपातून पॅरिस गाठायचे होते. त्या काळी कित्येक ठिकाणी रस्ते नव्हते, पेट्रोलची दुकाने नव्हती, आणि बऱ्याच गावच्या लोकांनी मोटार हे वाहन कधी पाहिलेही नव्हते. अमेरिकेची थॉमस फ्लायर ३० जुलै रोजी पॅरिसला पोहोचली. प्रवासाला १६९ दिवस लागले. जर्मनीची मोटार तिच्या चार दिवस आधीच पोहोचली होती. परंतु नियमभंगाबद्दल तिला दंडादाखल दिवस धरले गेले, आणि विजय अमेरिकेच्या मोटारीला मिळाला. वाटेत तिची सगळी दुरुस्ती जॉर्ज शुस्टर या तंत्रज्ञाने केली, आणि पुढे चक्रही त्यानेच हाती धरले.

एवढा पराक्रम गाजविलेल्या मोटारीच्या वाट्याला पुढे उपेक्षा आली. तिची कंपनी बुडाली, आणि १९१३ साली कंपनीच्या इतर मालमत्तेबरोबर तिचाही लिलाव झाला. अनेक हातांतून फिरत फिरत १९६४ मध्ये ती हॅरा यांच्या संग्रहात आली. पण ही तीच मोटार कशावरून? नाव सांगणारे पुष्कळ असतात. पुरावा थोड्यांजवळ असतो. हॅरा यांनी वृद्ध शुस्टर यांना बोलावून घेतले. त्यांचे वय तेव्हा नव्वदीच्या पुढे होते. आरंभी त्यांनाही खात्री वाटेना. परंतु मोटारीचा एकेक भाग सुटा होऊ लागला, तेव्हा छप्पन्न वर्षांपूर्वी प्रवासात आपण स्वतः केलेल्या दुरुस्तीच्या खुणा त्यांनी ओळखल्या, आणि ही तीच मोटार असल्याची ग्वाही दिली. त्यानंतर हॅरा यांच्या कारागिरांनी ती नव्यासारखी चकचकीत केली नाही. पॅरिसला पोहोचताना ती जशी होती, तशीच दिसेल अशा बेताने तिचे काम केले. जुन्या वस्तूचा मान राखणे म्हणजे काय, ते यावरून ध्यानी यावे.

संग्रहात आणखी एक चमत्कारिक वाहन होते. बकमिन्स्टर फुलर या कल्पक अमेरिकन गृहस्थांनी १९३३ च्या सुमारास ‘डायमॅक्सियन’ नावाची तीन चाकी मोटार तयार केली. तिचा आकार पाण्याच्या थेंबासारखा निमुळता होता आणि ती मागच्या एका चाकाने वळत असे. अशा तीनच मोटारी त्या वेळी तयार झाल्या. त्यांतील एक कालांतराने ॲरिझोनातील एका शेतावर जाऊन पडली आणि तेथे कोंबड्यांचे खुराडे बनली. १९६८ मध्ये काही विद्यार्थ्यांच्या दृष्टीस ती पडली, आणि पुढे ती हॅरा यांनी घेतली. मूळच्या तिन्हींपैकी आज तेवढीच उरली आहे. संग्राहकाची नजर तेथे पोहोचली नसती तर एका धाडसी कल्पनेचा तो शेवटचा पुरावाही नाहीसा झाला असता.

संग्रहाचा मुकुटमणी मात्र ‘बुगाटी रॉयाल’ हा होता. फ्रान्समधील मोटारकर्ते एटोर बुगाटी यांनी राजेमहाराजांसाठी म्हणून ही मोटार योजिली. तिच्या इंजिनाची धारणशक्ती पावणेतेरा लिटरच्या आसपास होती आणि तिच्या नाकावर सोंड उंचावून उभा असलेला चांदीचा हत्ती होता. तो एटोर यांचे दिवंगत बंधू, शिल्पकार रेंब्राँ बुगाटी, यांच्या कृतीवरून घेतलेला. परंतु १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि राजांच्याही तिजोऱ्या आखडल्या. अवघ्या सहा मोटारी तयार झाल्या, आणि त्यांतल्या तीनच बाहेर विकल्या गेल्या. उरलेली इंजिने बुगाटींनी आगगाडीच्या डब्यांना जोडून उपयोगात आणली. महायुद्धाच्या काळात घरी राहिलेल्या मोटारी जर्मनांच्या हाती लागू नयेत म्हणून भिंतीआड चिणून ठेवल्या होत्या.

युद्ध संपले तेव्हा फ्रान्स कंगाल झाला होता. १९५० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या अमेरिकन शर्यतपटूने बुगाटी कुटुंबाकडून दोन रॉयाल मोटारी घेतल्या. मोबदल्यात थोडी रोख रक्कम आणि त्या काळी फ्रान्समध्ये दुर्मिळ असलेली नवी शीतकपाटे दिली, असे सांगितले जाते. त्या दोहोंपैकी एक मोटार पुढे हॅरा यांच्याकडे आली. या दोन मोटारींची कथा येथे संपत नाही; तिचा उत्तरार्ध लिलावाच्या प्रसंगी येणार आहे.

३० जून १९७८ रोजी हृदयाजवळील रक्तवाहिनीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हॅरा यांचे निधन झाले. त्यांच्यामागे चौदाशे वाहने, कारखाना व ग्रंथालय एवढा पसारा राहिला. परंतु एक महत्त्वाची व्यवस्था राहून गेली होती. हा सारा संग्रह हॅरा यांच्या कंपनीच्या मालकीचा होता; तो कायम राखण्यासाठी स्वतंत्र विश्वस्त निधी नव्हता. १९८० मध्ये ‘हॉलिडे इन’ या हॉटेल चालविणाऱ्या मोठ्या कंपनीने हॅरा यांची कंपनी विकत घेतली, आणि हॉटेलांबरोबर मोटारींचा संग्रहही तिच्या हाती आला. व्यापारी कंपनी ही भागधारकांना जबाबदार असते. हॉटेल उत्पन्न देते. जुनी मोटार जागा अडविते, देखभाल मागते आणि तिकिटांतून मिळणाऱ्या पैशांत तिचा खर्च भागत नाही. १९८१ मध्ये कंपनीने संग्रह विकण्याचा मनोदय जाहीर केला.

ही बातमी कळताच नेव्हाडा राज्यात खळबळ उडाली. ज्या संग्रहामुळे आपल्या गावाचे नाव दूरवर पोहोचले, तो असा विखुरला जावा हे लोकांना रुचले नाही. राज्यपालांपासून सामान्य नागरिकांपर्यंत अनेकांनी आवाज उठविला. येथे दोन हक्क एकमेकांसमोर उभे होते. कायद्याने मालकी कंपनीची. आपल्या वस्तूचे काय करावे हे ठरविण्याचा अधिकार तिचाच. पण लोक म्हणत होते की, काही वस्तू अशा असतात की त्यांच्यावर कागदोपत्री मालकाबरोबर समाजाचाही थोडा हक्क असतो. दोन्ही बाजूंत तथ्य होते. अखेर मध्यम मार्ग निघाला. हॅरा यांच्या नावाने लोकसेवेसाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. कंपनीने निवडक पावणेदोनशे मोटारी आणि ते अमोल ग्रंथालय त्या प्रतिष्ठानास दान दिले. बाकीच्या वाहनांची विक्री करण्याचे ठरले, आणि १९८४, १९८५ व १९८६ अशी लागोपाठ तीन वर्षे त्यांचे मोठे लिलाव झाले.

‘लिलाव’ हा शब्द मराठीत पोर्तुगीज भाषेतून आला. बंदरांवर उतरलेला माल पुकारून विकण्याची रीत आणि तिचे नाव ही दोन्ही जणू एकाच गलबतातून आली. दुकानात वस्तूची किंमत विकणारा ठरवितो. लिलावात ती घेणारे ठरवितात. ज्या वस्तूला बाजारभाव नसतो, जिच्यासारखी दुसरी नसते, तिची विक्री करण्यास म्हणूनच ही पद्धत सोयीची पडते.

मोठ्या लिलावाची तयारी अनेक महिने आधी सुरू होते. प्रथम प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देतात. मग तिचे वर्णन, बनावटीचे वर्ष, पूर्वीच्या मालकांची परंपरा आणि तिच्यातील उणिवा यांची नोंद असलेली छापील सूची प्रसिद्ध होते. लिलावापूर्वी इच्छुकांना वस्तू पाहण्यासाठी वेळ दिलेला असतो, कारण विक्री बहुधा ‘जशी आहे तशी आणि जेथे आहे तेथे’ या अटीवर होते. घरी नेल्यावर इंजिन तडकलेले आढळले, अशी तक्रार मग चालत नाही. शहाणा गिऱ्हाईक म्हणून सूची वाचून थांबत नाही. तो मोटारीखाली वाकून पाहतो, चौकटीवरचा क्रमांक ताडून पाहतो आणि आपण किती रकमेपर्यंत जायचे हे घरूनच ठरवून येतो.

लिलावाच्या दिवशी पुकारणारा उंच व्यासपीठावर उभा राहतो आणि एखाद्या रकमेपासून आरंभ करतो. कोणी हात वर करतो, कोणी मान हलवितो, कोणी दूरध्वनीवरून आपल्या प्रतिनिधीला खूण सांगतो. बोलीवर बोली चढत जाते. हळूहळू बोलणारे गळत जातात, आणि शेवटी दोघांत चुरस उरते. मग तीही थांबते. पुकारणारा ‘एकवार, दोनवार, तीनवार’ या धर्तीवर शेवटची संधी देतो आणि हातोडा आपटतो. हातोडा पडला की व्यवहार पक्का झाला. काही वस्तूंसाठी विकणाऱ्याने एक किमान रक्कम मनात ठरविलेली असते; बोली तिच्या खाली राहिली तर वस्तू विकली जात नाही. जेथे अशी मर्यादा नसते, तेथे शेवटची बोली कितीही लहान असली तरी तिला मान द्यावा लागतो. हातोड्याच्या किमतीशिवाय लिलाव चालविणाऱ्या संस्थेची दलाली वेगळी द्यावी लागते, हेही नवख्याने विसरता कामा नये.

लिलावातील किंमत वस्तूच्या अंगी नसते. ती त्या क्षणी त्या जागी जमलेल्या माणसांच्या इच्छेत असते. एखादी उत्तम मोटार हवी असणारा एकच मनुष्य हजर असला तर ती स्वस्तात जाते. दोघे हट्टाला पेटले तर साधी मोटारही महागते. असे असले तरी काही गोष्टींनी किंमत निश्चितपणे चढते. वस्तू दुर्मिळ असावी, तिचे मूळचे भाग शाबूत असावेत, तिचा इतिहास पुराव्याने सिद्ध व्हावा आणि ती विश्वासू हातांतून आलेली असावी. हॅरा यांच्या संग्रहातून आलेली मोटार, एवढ्या एका शब्दानेही गिऱ्हाइकाचा विश्वास वाढत असे. एका माणसाच्या प्रामाणिक परिश्रमांनी त्याच्या पश्चातही वस्तूला मोल दिले.

१९८६ च्या लिलावात हॅरा यांच्याकडील बुगाटी रॉयाल पुकारली गेली. टेक्सासमधील एका व्यावसायिकाने ती ६५ लाख डॉलरला घेतली. पुढे सुमारे वर्षभरात त्याने तीच मोटार पिझ्झाच्या व्यवसायात धनाढ्य झालेल्या टॉम मोनॅहन यांना ८१ लाख डॉलरला विकली. कनिंगहॅम यांनी तिच्याच बरोबर आणलेली दुसरी रॉयाल १९ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये लिलावास निघाली आणि तिला ५५ लाख पौंड आले. सदतीस वर्षांपूर्वी शीतकपाटांच्या बदल्यात गेलेल्या या दोन मोटारी! मोटारी त्याच होत्या; बदलला होता तो काळ. जगात ज्या गोष्टीला उद्या मोल येणार असते, ती आज पुष्कळदा अडगळ म्हणूनच आपल्यासमोर पडलेली असते.

संग्राहकानंतर संग्रहाचे काय व्हावे, या प्रश्नाला फ्रान्समध्ये निराळे उत्तर मिळाले. मुलूझ या शहरी हान्स व फ्रिट्झ श्लुम्प्फ या बंधूंच्या कापडगिरण्या होत्या. त्यांनी चारशेहून अधिक मोटारी गुप्तपणे जमविल्या. त्यांत शंभरावर बुगाटी होत्या. गिरणीच्या बंद दरवाजाआड काय आहे, याचा कामगारांना पत्ता नव्हता. १९७६ मध्ये गिरण्या डबघाईस आल्या, बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले, आणि हजारो कामगारांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला. ७ मार्च १९७७ रोजी कामगार आत शिरले आणि रांगेने मांडलेल्या त्या झगझगीत मोटारी पाहून थक्क झाले. आपल्या श्रमांचा पैसा कोठे गेला हे त्यांना डोळ्यांनी दिसले. संतापाच्या भरात त्यांनी संग्रहाची सरसकट मोडतोड केली नाही. सुमारे दोन वर्षे त्यांनी ती जागा ताब्यात ठेवून लोकांना पाहण्यास खुली केली. धनकोंची देणी भागविण्यासाठी संग्रह फुंकून टाकणे सोपे होते. परंतु १९७८ मध्ये फ्रेंच शासनाने त्याला ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला, त्यामुळे त्याची फोड करणे अशक्य झाले. १९८१ मध्ये तो एकत्रितपणे एका संस्थेने घेतला आणि १९८२ मध्ये तेथे राष्ट्रीय संग्रहालय उघडले.

हे दोन प्रसंग ताडून पाहिले म्हणजे लिलावाचे गुणदोष स्पष्ट होतात. लिलावाने वस्तू नष्ट होत नाही. ती बहुधा तिच्यावर प्रेम करणाऱ्याच्याच घरी जाते. चौदाशे मोटारींची निगा राखणे एका संस्थेला जड जाते. परंतु एकेक मोटार सांभाळणारे चौदाशे हौशी लोक मिळू शकतात. वखारीत स्थिर उभी असलेली मोटार नव्या मालकाच्या हाती पुन्हा रस्त्यावर धावू लागते, तिची इंजिने पुन्हा बोलू लागतात. ही जमेची बाजू झाली. दुसरीकडे, जी मालिका जुळविण्यास तीस वर्षे लागली, ती तीन लिलावांत तुटते. सुट्या झालेल्या मोटारींची किंमत येते. मालिकेचे ज्ञान मात्र कोणालाच विकत घेता येत नाही, कारण ते वस्तूंत नसून त्यांच्या परस्परसंबंधांत असते. शिवाय लोकांना पाहण्यास खुली असलेली वस्तू एकदा खासगी दाराआड गेली की, ती पुन्हा केव्हा दिसेल याचा नेम नसतो.

सुदैवाने रीनोच्या संग्रहाची अखेर पूर्ण विखुरण्यात झाली नाही. प्रतिष्ठानास मिळालेल्या मोटारींतून ट्रकी नदीच्या काठी, रीनो शहरातच, राष्ट्रीय मोटार संग्रहालय उभे राहिले आणि ५ नोव्हेंबर १९८९ रोजी ते लोकांसाठी उघडले. शर्यत जिंकणारी थॉमस फ्लायर तेथे आहे. खुराड्यातून वाचलेली डायमॅक्सियन तेथे आहे. यांहून कमी दिसणारे, पण कदाचित अधिक मोलाचे असे ग्रंथालयही विक्रीतून वाचले. विखुरलेल्या मोटारींच्या नव्या मालकांना मूळचा रंग कोणता, खिळा कोणता, असा प्रश्न पडला तर त्याचे उत्तर देणारे कागद अशा ग्रंथालयांतच सापडतात. वस्तू दूर गेल्या तरी त्यांचे ज्ञान एका ठिकाणी राहिले, ही गोष्ट लहान नव्हे.

या साऱ्या हकीकतीचे मर्म असे की, संग्रह करणे हे अर्धे काम होय. उरलेले अर्धे काम म्हणजे त्याची नोंद ठेवणे, त्याविषयीचे ज्ञान इतरांच्या हाती देणे आणि आपल्यामागे त्याचा सांभाळ कोण करील याची तजवीज आपल्या हयातीतच करणे. हॅरा यांनी पहिले काम असामान्य निष्ठेने केले; उरलेल्यांपैकी शेवटचे अपुरे राहिले, आणि ते अखेर एका समाजाला घाईघाईने पुरे करावे लागले. चौदाशेतील पावणेदोनशे मोटारी वाचल्या, त्या लोकांनी वेळीच आवाज उठविला म्हणून. कायद्याने वस्तूचा मालक ठरतो. तिचा राखणदार मात्र आपलेपणाने ठरतो.